संपत, ते फळ अकोल्याच्या बाजारातलं नव्हतं

"थुका ते, मिस्त्री. थुका म्हन्ते ना. इंजिनाच्या पान्यावरचं हाय, आतडे जळून जातीन तुमचे."

सुभद्रा वहिनी वावराच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं ओरडत येत होत्या. डोक्यावर भाकरीचं टोपलं, एक हात टोपल्याला आणि दुसऱ्या हातानं मला थुंकायच्या खुणा. तुझ्या बायकोचा आवाज तुला सांगायला नको, संपत. त्या आवाजानं शेजारच्या वावरातले बैल तासात थांबले, आणि सडकेवरून वरूडला चाललेल्या मोटारीच्या ड्रायव्हरनं आपल्यालाच कोणी थांबवतंय समजून गाडी बाजूला घेतली. मी मात्र थुंकलो नाही. अर्धी फोड पोटात गेली होती आणि तोंडात उरलेली अर्धी थुंकण्यासारखी नव्हती.

आणि तू? तू मोट जिथं ओतायची त्या जुन्या थारोळ्यावर उकिडवा बसला होतास. बायको ओरडून राहिली, दोस्त बिननावाचं फळ चावून राहिला, आणि तू माझ्या तोंडाकडे असा पाहत होतास जसा बाजारात कोणी नव्या बैलाचे दात पाहतो.

"जीभ जड पडली का?" तू विचारलंस.

"नाई."

"पोटात मुरडा?"

"नाई बे."

"मंग दे इकडं एक फोड."

त्या 'मंग'वर मी गेली नऊ-दहा वर्षं विचार करतो आहे. तुझी तेरवी होऊन चार दिवस झाले, तरी तो 'मंग' डोक्यातून जात नाही. पहिलं फळ मी पेचकसानं उचकटलं होतं, अर्धा रस माझ्या बाहीत गेला होता. दुसरं तू तोडलंस आणि देठाकडून नाही, बुडाकडून सोललंस. अंगठा एकदाच घातला, आणि टोपी काढावी तशी साल काढून बाजूला ठेवली. पहिल्यांदा हाती आलेलं फळ माणूस असं सोलत नाही. म्हणजे एक तर तू ते आधी एकट्यानं खाल्लं होतंस आणि मला सांगितलं नव्हतंस. नाही तर खाल्लं नव्हतंस, आणि मरतो की जगतो हे माझ्यावर पाहून घेतलंस. दोन्हींपैकी जास्त वाईट कोणतं, यावर आपण दर हिवाळ्यात भांडलो. तू दर वेळी म्हणायचास, "दुसरं." आणि हसायचास. पण झालं होतं काय, ते कधी बोलला नाहीस.

तुझ्या विहिरीवरची मोट गेली आणि ऑइल इंजिन आलं ते माझ्या हातानं. अकोटाहून निघावं, परतवाड्याला गाडी बदलावी, मोरशीवरून वरूड गाठावं, आणि वाटेतल्या प्रत्येक विहिरीवरचं इंजिन खोकलंय का, शिंकलंय का ते पाहावं, हा माझा धंदा. चार तालुक्यांत मला इंजिनं हाकेवर ओळखत. बाकी गिऱ्हाइकांनी इंजिन आलं त्या दिवशी नारळ फोडला. तू फोडला नाहीस. तू महिनाभर मोटेचे बैल विकले नाहीस. "हे पयून गेलं त?" असं तू मला विचारलंस, आणि इंजिनाला चार बोल्ट मारून चौथऱ्यात गाडलेलं दाखवलं तरी तुझं समाधान झालं नाही. पहिले काही दिवस तू त्याला हात न लावता काठीनं टोचून पाहत होतास.

त्या इंजिनाचं गरम पाणी ज्या दांडातून वाहून जाई, त्या दांडाच्या काठी ते रोप उगवलं. विहिरीमागं तुझ्या वडिलांच्या हातचं पपनस होतं. त्याची फळं इतकी कडू की पाखरं चोच मारून दुसऱ्या दिवशी वैद्याकडे जात. चारी बाजूंनी तुझ्या संत्र्यांचा बगीचा, मधमाश्यांना कोण अडवतो? पपनसाच्या पोटात संत्र्याचं काहीतरी गेलं, त्याची बी दांडात पडली, आणि रोप आलं. पानं पाहिली तर संत्र्याची म्हणवत नव्हती आणि पपनसाचीही. तू उपटायला हात घातलास, मी म्हटलं राहू दे. तू म्हणायचास की हात मी घातला होता आणि राहू दे तू म्हटलंस. हेही भांडण अर्धंच राहिलं. आता माझंच खरं, असं म्हणायला मला कोणाची आडकाठी नाही. पण मजा येत नाही.

रोपाला पहिलं पान फुटलं ते मध्यप्रांत-वऱ्हाडात, खोड धरलं ते मध्यप्रदेशात, आणि पहिलं फळ लागलं ते मुंबई राज्यात. जागेवरून न हलता एवढी राज्यं फिरून आलेल्या झाडाला आपण नेमकं काय द्यायचं हे कळलं नसेल, तर त्याचा काय दोष?

पण काय दिलं त्यानं, संपत. साल संत्र्याची, सैल, हात लावला की सुटणारी. आकार ओंजळीत मावेल एवढा. खरंच एवढाच. आज तुझ्याजवळ बोलतो आहे म्हणून खरा सांगतो. सालीखालचा पांढरा कापूस पपनसाचा, पण पपनसासारखा बोटभर नाही, पतंगाच्या कागदाएवढा. फोडी अकरा. आतला रंग डाळिंबाच्या रसात पाणी घालावं तसा. दाणा दातांखाली फुटला की आधी संत्र्याची गोडी, मग जिभेच्या कडेनं एक कडू रेघ जायची, आणि ती रेघ संपली कुठं हे शोधायला जावं तर पुन्हा गोड. पण पहिल्यातलं गोड नव्हे, निराळं. आपण दोघांनी त्या दुपारी पाच संपवली. मी म्हटलं, ही कडू रेघ डिझेलची आहे, हे फळ अर्धं माझं. तू म्हणालास, "तुहं फक्त कडूपन. गोड माहं."

वहिनी तोवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. टोपलं खाली ठेवत म्हणाल्या, "मरा, पन दोघं संगंच मरा. मले तेरवीचा सैपाक एकदाच पडन." मग त्यांनी एक फोड उचलली, वास घेतला, मागं वळून कोणी पाहत नाही ना ते पाहिलं, आणि तोंडात टाकली. जाताना सहावं फळ त्यांच्या पदराखाली होतं. ते तू पाहिलंस, मीही पाहिलं, आणि दोघंही इंजिनाकडे पाहू लागलो.

"कोनाले सांगू नको," तू मला बांधावर थांबवून बजावलंस.

"मी कोनाले सांगतो?"

"मिस्त्री, तुले मी वयखतो."

ओळखत होतास तर सांगायचं कशाला? माझ्या पोटात ते आठ दिवस राहिलं, हाच चमत्कार. मोरशीच्या विहिरीवर मी म्हटलं, फळ लोट्याएवढं आहे. परतवाड्याला पोचेस्तोवर घागरीएवढं झालं. अंजनगावात ते दोन माणसांनी बांबूवर घालून न्यावं लागत होतं. अकोटात मी सांगितलं की त्या झाडाखालून गेलेले बैल वासानं गुंगतात आणि तीन दिवस वखराला लागत नाहीत, दर्यापूरकडच्या एका पाटलानं तर आपल्या आळशी जावयाला मुद्दाम त्या झाडाखालून उलट दिशेनं नेलं म्हणे, म्हणजे तो जागा होईल. लोक हसत, चहा पाजत, आणि म्हणत, मिस्त्री, पुढं. मला काय, मला तेवढंच पाहिजे होतं.

पण दर्यापूरचे लोक हसून थांबले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात बैलांच्या दोन दमण्या भरून ते तुझ्या मळ्यावर आले. मी तेव्हा तिथंच होतो, इंजिनाच्या आडोशाला. त्यांनी सोबत बांबू आणला होता, संपत. खरंच आणला होता. तू मोठ्या हौसेनं त्यांना झाडापाशी नेलंस, चार फळं तोडलीस, स्वतः सोललीस. एकानं फळ तळहातावर घेऊन पाहिलं.

"हेच व्हय थे?"

"हेच," तू म्हणालास.

"एवढुसं?"

त्यांनी खाल्लं. 'बरं हाय' म्हणाले. बांबू पुन्हा दमणीत टाकला आणि गेले. तू हातात साली घेऊन उभा होतास. मी बाहेर आलो तेव्हा तू रागावला नव्हतास, तेच मला टोचलं. तू म्हणालास, "मिस्त्री, खरं फय होतं थे. तुह्या तोंडातून गेलं अन् खोटं झालं."

म्हणूनच तू अमरावतीच्या शेतकी प्रदर्शनात जायचं ठरवलंस. कोण्या शिकल्या साहेबानं कागदावर खरं लिहून दिलं, की माझं सगळं बोलणं त्या कागदानं पुसलं जाईल, असा तुझा हिशेब. मला नेणार नव्हतास. वहिनीही म्हणाल्या होत्या, "त्याईले नेऊ नका." पण फळांची पेटी धरून बसायला कोणी पाहिजे होतं, आणि गवत भरलेल्या त्या पेटीवर माझ्याइतका जीव कोणाचा होता?

साहेबानं फळ हातात घेतलं आणि आधी विचारलं, "वरूडचं बैल झोपवणारं फळ म्हणतात ते हेच का?" मंडपातले लोक हसले. तुझे कान लाल झाले. साहेबानं मग फळ फिरवून फिरवून पाहिलं, देठापाशी चष्मा नेला. रंगाची सुई टोचली आहे का, हे पाहत होता तो. चाकूनं कापलं, वास घेतला, जिभेला लावलं नाही. तेवढ्यावरच राहिलं असतं तरी चाललं असतं. पण मी गप्प बसलो नाही. म्हटलं, "साहेब, हे इंजिनाच्या गरम पाण्यावर वाढलेलं आहे, हिंदुस्थानात असं दुसरं नाही." साहेबानं माझ्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं, आणि फळापुढच्या चिठ्ठीवर लिहिलं: 'पपनस, रोगट.'

ती चिठ्ठी तू घडी घालून टोपीत ठेवलीस. मोरशीला उतरून दोन चहा सांगितलेस, आपला बशीत ओतलास, आणि बशीकडेच पाहत म्हणालास, "आता या झाडाचा एक डोया माह्या मयातून बाहेर जानार नाई. ना नर्सरीले, ना सोयऱ्याले. मी खाईन, माही बायको खाईन. अन् झाड मरन तवा मरन." डोया म्हणजे कलमाचा, जंबेरीच्या खुंटावर भरायचा तो डोळा. एका डोळ्याचं एक झाड होतं, हे मला तू शिकवलंस, आणि तुझी नजर शिकवताना माझ्या हातांवर होती.

आता पुढचं सांगतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, आणि यात मी काही घातलेलं नाही.

संत्र्याच्या बुडाला पाणी लागू द्यायचं नाही, हे वरूडात दात न आलेल्यांनाही ठाऊक असतं. खोडापासून हातभर सोडून बांगडीसारखं आळं करायचं, पाणी त्या बांगडीतून फिरवायचं. खोडाला ओल लागली की साल सडते, डिंक सुटतो, झाड जातं. एका गड्यानं आळं फोडून पाणी खोडाशी नेलं म्हणून तू त्याला अर्ध्या दिवसात घरी पाठवला होतास. आणि त्या एका झाडाच्या बुडाला इंजिनाचा दांड चिकटून वाहत होता. प्रदर्शनाहून आल्यावर तू कुदळ घेऊन निघालास, दांड वळवायला. मी म्हटलं, "अरे, त्या पाण्यावर ते जन्मलं. आईचं दूध तोडून राहिला काय?"

मी जंगलात वाघाला इंजिनाचा पट्टा दाखवून पळवला, हे तू खरं मानलं नव्हतंस. मूर्तिजापूरची छोटी रेल्वे धक्का देऊन मी यवतमाळपर्यंत नेली, हेही नाही. मी पाणी गार आहे म्हटलं तरी तू बोट घालून पाहायचास. आणि हे मानलंस. कुदळ खाली ठेवलीस. इतक्या वर्षांत माझी तू एवढी एकच गोष्ट खरी धरलीस.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी पंपाचा खालचा व्हॉल्व्ह अडकला, तू दोर धरून विहिरीत उतरलास. मी वर. त्या झाडाची पेन्सिलीएवढ्या जाडीची एक काडी, तिच्यावर चार डोळे. मी ती कापली, ओल्या चिंध्यांत गुंडाळली आणि तेलाच्या डब्यात घातली. खालून तुझा आवाज आला.

"काय करून राह्यला बे वर?"

"काई नाई. पट्टा पाहून राह्यलो."

"पट्ट्याचा आवाज कुठं येऊन राह्यला?"

"बंद हाय म्हनून येत नाई."

मग मी काडीची झाडाखाली पडलेली पानं वेचायला वाकलो, तेव्हा मला डिंक दिसला. बुडाशी, दांडाच्या अंगाला, साल फुगलेली आणि डिंकाचे तीन थेंब. वाटाण्याएवढे, पिवळे, उन्हात चमकणारे. पुढं कैक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की डिंक दिसला म्हणून मी डोळे काढले, झाड वाचावं म्हणून. संपत, डबा आधी बंद झाला होता. डिंक नंतर दिसला.

आणि तू दोरावरून वर आलास तेव्हा मी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू झाडापाशी वाकला असतास, आणि वाकला असतास तर कापलेल्या काडीचा ताजा घाव तुझ्या डोळ्यापुढंच होता. तेव्हाच साल खरवडून चुना-मोरचूद लावला असता, दांड वळवला असता, तर ते झाड जगलं असतं. निदान जगण्यासारखं होतं. मी तुला म्हटलं, "चल, चहा घेऊ."

पुढच्या मोसमाला ते झाड असं फुललं की पानं दिसेनात. तू मला हात धरून दाखवायला नेलंस. "पाह्य कसं फुललं." मरायला टेकलेलं झाड असंच फुलतं, हे तुलाही ठाऊक होतं, पण त्या दिवशी नव्हतं. दोन महिन्यांत पानं पिवळी पडली. तू खोड खरवडलंस, तेव्हा साल सगळीकडून सुटून आली होती. कुऱ्हाड तू स्वतः चालवलीस, गड्याला हात लावू दिला नाहीस. मग घाम पुसत मला विचारलंस, "मिस्त्री, तुले आधी काई दिसलं होतं का?"

मी म्हटलं, "नाई."

आयुष्यात एवढी छोटी थाप मी दुसरी मारली नाही.

चार डोळ्यांपैकी दोन वाळले, एक माझ्याच बकरीनं खाल्ला, एक लागला. घरामागं, मोरीपासून दूर. माझी बायको म्हणायची, घरात पाणी एवढं असताना या झाडाला लोट्यानं गोल गोल काय घालता, पूजा करता काय? आपण मुंबई राज्यातून महाराष्ट्रात आलो, मी अकोटातच होतो, आणि पाचव्या वर्षी त्यावर नऊ फळं आली. पहिलं मी भिंतीकडे तोंड करून खाल्लं. गोड, मग कडू रेघ, मग ते निराळं गोड. तेच, संपत. अगदी तेच. आणि एवढ्या आनंदाचं फळ मी चोरासारखं गिळलं, कारण त्या तिसऱ्या गोडाला 'हेच' म्हणणारा दुसरा माणूस वरूडात होता आणि मी त्याला सांगू शकत नव्हतो.

दर खेपेला मी ठरवून येत होतो. मोरशीपर्यंत वाक्य तयार असे. तुझ्या थारोळ्यावर बसलं की दुसरीच कोणती तरी गोष्ट तोंडातून निघायची, तू बिडी काढायचास आणि म्हणायचास, "पुढं." किती ऐकलंस माझं. चार तालुके मला थापाड्या म्हणून चहा पाजत होते. तू थापाड्या म्हणत होतास, चहाही पाजत होतास, आणि गोष्ट अर्धी राहिली तर रागवायचास. त्याचे उपकार मी मानले नाहीत. तुझ्यावर संशय घेण्यातच वेळ गेला.

कारण मला वाटायचं, तुला ठाऊक आहे. एकदा इंजिन बंद करता करता तू सहज विचारलंस, "तुह्या अकोटात संत्रं होते का बे?" मी म्हटलं, काळी माती, कुठं होतं. तू म्हणालास, "हो ना." बस एवढंच. आणि एकदा निघताना तू माझ्या पिशवीत मोरचुदाची पुडी घातलीस.

"हे कायले?"

"ठेव. लागन तुले."

"मले कायले लागन?"

"इंजिनाले," तू म्हणालास, आणि आत गेलास. मी तीस वर्षं इंजिनं खोलतो आहे. मोरचूद लागणारं इंजिन अजून पाहिलं नाही. ती पुडी मी घरी नेली, चुन्यात कालवली आणि झाडाच्या बुडाला लावली. लावताना तुझी नजर मानेवर जाणवत होती, वरूडहून.

मग तुझं दुखणं. अमरावतीच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, आणि दिवाळीनंतर वहिनींनी पत्र टाकलं. मी दोन फळं चिंध्यांत गुंडाळून आणली. तू खाटेवर, पांघरुणात असा की खाट रिकामी वाटावी. मी फळ पुढं केलं. तू ते हातात घेतलंस.

"कुठलं?"

वाक्य तयार होतं, संपत. देवाची आण, तयार होतं. मी म्हटलं, "अकोल्याच्या बाजारात एका म्हाताऱ्या बाईजवळ भेटलं."

तू फळ फिरवून पाहिलंस. देठ पाहिला, बुडाशी अंगठा टेकवला, आणि बुडाकडूनच सोललंस, साल कुठं तुटली नाही. पहिली फोड तोंडात टाकलीस, डोळे मिटलेस. "गोड," म्हणालास. "आता कडू." तू तोंडातली फोड चावून संपवलीस, आणि मग म्हणालास, "अन् आता पुन्हा गोड. तेच हाय, मिस्त्री." अकराच्या अकरा फोडी खाल्ल्यास, एकेक, कौतुकानं. वहिनी दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता विचारशील. कोणती बाई, बाजाराचा कोणता कोपरा, झाड कुठं. मी पहिल्याच प्रश्नाला कबूल करायच्या तयारीत होतो.

तू हात पुसलेस आणि म्हणालास, "त्या बाईले सांगजो, बुडाले पानी लागू देऊ नको म्हनाव."

"सांगतो."

"अन् कोनी मांगतलं त डोये दे म्हनाव. ठेवून काई फायदा नाई."

"सांगतो ना."

"लय बोलते का थे?"

"लय."

"बोलू दे मंग," असं म्हणून तू भिंतीकडे कूस बदललीस.

दुसरं फळ उशाशीच राहिलं.

मी अकोटाला येईपर्यंत वाटभर एकच धुंडाळत होतो. चवीवरून ओळखलंस आणि बाईची गोष्ट खरी धरलीस? की चवीवरून ओळखलंस आणि मला ओळखलंस? की मोरचुदाच्या पुडीपासून ओळखत होतास, की त्याआधी, विहिरीतून वर आलास तेव्हापासूनच? परत येऊन विचारीन म्हटलं. परत आलो तो तेरवीला.

लोक उठून गेल्यावर मी वहिनींजवळ बसलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. काडी, डबा, डिंकाचे तीन थेंब, अकोटातलं झाड. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट आहे तेवढीच सांगितली, आणि ती सांगताना मला धाप लागली. मी विचारलं, "वहिनी, त्यानं चवीवरून ओळखलं होतं ना? तेवढं सांगा. चव लागताच ओळखलं ना त्यानं?"

वहिनींनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"त्याईले दसऱ्यापासून कशाचीच चव लागत नव्हती," त्या म्हणाल्या.